फुले हरिता ओट: खरं कळलं ते दुसऱ्या कापणीला

गोठ्यात सहा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई आहेत आणि जानेवारी-फेब्रुवारीत हिरव्या चाऱ्याची ओढाताण ठरलेली, म्हणून दोन रब्बी झाले ओट, म्हणजे गव्हासारखं दिसणारं चाऱ्याचं पीक, करतोय. यंदा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले हरिता (आरओ-१९) पेरलं. मी घेताना मला कोणी नीट सांगणारं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या वर्षी एका दुकानातून सुटं बियाणं आणलेलं, पोत्यावर वाणाचं नाव नाही की प्रमाणित बियाण्याचा टॅग नाही. उगवलं छान, पण ४५ दिवसांत निम्मं निसवायला (ओंब्या बाहेर पडायला) लागलं आणि निम्मं अजून पाल्यातच, त्यात मधेमधे काळ्या कुसळाचं जंगली ओट. तेच यंदा माझ्या गव्हात तण म्हणून उगवलंय, अजून उपटतोय. आणि कापल्यावर परत फुटलंच नाही, म्हणजे एका कापणीत विषय संपला.

म्हणून या वेळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टॅग असलेली पिशवी आणली, एकरी ४० किलोने पाभरीने पेरलं, दोन ओळींत एक फूट. शेजारी मुद्दाम दोन वाफे केंटचे ठेवले. केंट हे जुनं नावाजलेलं वाण, नवीन ओट तपासतात तेव्हा बरेचदा त्याच्याच शेजारी लावून बघतात. झाशीहून चारा पिकांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प चालतो, त्यात नवीन वाण वेगवेगळ्या केंद्रांवर दोन-तीन वर्षं पेरतात, एका कापणीच्या चाचण्या वेगळ्या आणि अनेक कापण्यांच्या वेगळ्या. हिरवा चारा किती निघाला एवढंच बघत नाहीत, वाळल्यावर किती उरतो, प्रथिनं किती, काडीच्या मानाने पाला किती, हे सगळं मोजतात आणि त्यातून तरलं तरच वाण पुढे अधिसूचित होतं, म्हणजे त्याला सरकारी मान्यता मिळते.

ते वाळवून मोजणं मला फार पटलं, कारण हिरव्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं आणि गाईचं पोट पाण्याने भरत नाही.

पहिली कापणी ५३ व्या दिवशी. खरं सांगतो, तेव्हा केंट आणि हरितात मला काही फरक दिसला नाही, भारे सारखेच. जमिनीपासून चार-पाच बोटं खुंट ठेवून कापलं, लगेच पाणी आणि थोडा युरिया दिला. चौथ्या दिवशी सकाळी वाकून बघितलं तर हरिताच्या खुंटांतून पोपटी सुया वर आलेल्या, एकेका खुंटाला चार-पाच, आणि केंटच्या वाफ्यात मधेमधे खुंट नुसते पिवळे पडलेले. दुसरी कापणी ३६ दिवसांनी, निम्मं पीक फुलोऱ्यात असताना. तेव्हा तेवढ्याच जागेत हरिताचे पाच भारे आणि केंटचे तीन.

खायला म्हणाल तर कुट्टी (बारीक तुकडे) न करता टाकलं तरी गव्हाणीत काडी उरत नाही. मक्याची जाड ताटं उरतात तसं इथे नाही, ओटाची काडी मऊ असते. लसूणघासाबरोबर मिसळून देतो, नुसतं ओट देत नाही.

एक उणीव आहे. ज्या कोपऱ्यात युरिया जास्त पडला तिथे पाणी दिल्यावर वारा आला आणि पीक लोळलं, खालचा पाला पिवळा होऊन वाया गेला. नत्र हात राखूनच द्या, उंच वाढतं हे.

पाच पैकी साडेचार देईन. दोन कापण्या घ्यायच्या असतील तर हेच घ्या, एकच कापणी घेऊन रान मोकळं करायचं असेल तर माझ्या रानात तरी केंट मागे पडलं नाही. ओट स्वपरागित आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरतं, त्यामुळे घरचं बी पुढच्या पेरणीला चालतं, म्हणून बांधाकडच्या चार ओळी पहिल्या कापणीनंतर तशाच सोडल्यात, आता दाणा भरतोय आणि जंगली ओटाचं एकही झाड त्यात राहू नये म्हणून रोज संध्याकाळी एक फेरी मारतो.