शिक्का खरा, अंगठी खोटी: ‘बायझंटाइन राणी’चे दागिने

इस्तंबूलच्या ग्रँड बझारात ‘बायझंटाइन राणीची’, म्हणजे हे शहर राजधानी असलेल्या जुन्या पूर्व रोमन साम्राज्यातली, म्हणून भलीथोरली अंगठी दाखवली जाते. गिऱ्हाईक आतल्या बाजूला ९२५ हा शिक्का (म्हणजे ९२.५ टक्के चांदी) बघतं आणि निर्धास्त होतं. गंमत म्हणजे हा शिक्का बहुधा खरा असतो. बोटातलं वळं चांदीचंच, पण वरचा नक्षीदार माथा पितळेचा किंवा काशाचा, ओतीव. भाव मात्र सगळ्या वजनाला चांदीचा लावतात. मोडीला नेल्यावर सराफ माथा बाजूला काढतो आणि नुसतं वळं तोलतो, तेव्हा कळतं.

इटलीतल्या रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधल्या मोझेइकातली, मोत्यांनी मढलेली बायझंटाइन सम्राज्ञी थिओडोरा विक्रेता मोबाइलवर दाखवतो. त्या चित्रावरून नक्षी कळेल, धातू नाही.

कसोटीच्या दगडावर घासून फक्त वरचा मुलामा कळतो. त्यापेक्षा पाणी बरं. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. अंगठी दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला, कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. २० ग्रॅमची अंगठी ९२५ चांदीची असेल तर आकडा १.९४च्या आसपास येतो, पितळेची असेल तर २.३५. मधला आला तर वळं चांदीचं आणि माथा दुसरा. खडे मोठे असतील तर मात्र ही परीक्षा सोडून द्या. खडा हलका, आकडा फुगतो.

‘पाचू’ म्हणून बऱ्याचदा रंगवलेला क्वार्ट्झ असतो. दहापट भिंगाखाली रंग भेगांमध्ये साठलेला दिसतो. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला की कधी कधी कापसावरच उतरतो. आणि झगमगते पैलू पाडलेला खडा ‘त्या काळचा’ म्हणत असतील तर सरळ उठावं. तेव्हा खडे गुळगुळीत घुमटाकार ठेवत, नाहीतर भोक पाडून तारेत ओवत.

बिलावर वळं आणि माथा यांचा धातू व वजन वेगवेगळं लिहून मागा. नक्षीसाठीच घ्यायची असेल तर पितळेच्या भावाने जरूर घ्या, कारागिरी वाईट नसते.

पदकात जडवलेलं ‘जुनं सोन्याचं नाणं’ ही वेगळीच भानगड. अस्सल सॉलिडस, म्हणजे बायझंटाइन सोन्याचं नाणं, साधारण साडेचार ग्रॅमचं; त्याच मापाची मुलामा दिलेली पितळी नक्कल त्याच्या निम्म्या वजनाची भरते. आणि नाणं अस्सल निघालं तर संकट मोठं: तुर्कस्तानच्या १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने अशा जुन्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर सापडलं तर तुरुंगाची पाळी गिऱ्हाइकावर येते, दुकानदाराचं बिल तिथे कामी येत नाही.