काट्याचं वजन थेट पट्टीत: यूइनपुट वापरून काढलेला एक हंगाम

सोयाबीनची आवक सुरू झाली की लातूरच्या मोंढ्यात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. कट्टा (पोतं) काट्यावर चढतो, मापाडी वजन पुकारतो, मुनीम ते पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या कागदात) चढवतात, तोवर पुढचा कट्टा आलेला असतो. मी मामांच्या आडतीत हिशेब आणि कंप्युटर दोन्ही बघते. आमचा काटा इलेक्ट्रॉनिक आहे. पाठीमागं नऊ पिनांचं आरएस-२३२ पोर्ट आहे आणि काटा चालू असेपर्यंत त्यातून वजनाचे आकडे अखंड बाहेर पडत असतात. पट्टी मात्र ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि त्या सॉफ्टवेअरला कीबोर्डशिवाय दुसरं काही कळत नाही. काटा जोडायची सोय मागितली तर ती वरच्या पॅकेजात आहे म्हणाले. पॅकेजचा दर ऐकून मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच बघ गं बाई काहीतरी."

दुकानातलं मशीन जुनं असल्यामुळं त्यावर लिनक्स आधीपासूनच होतं. म्हणून यूइनपुटकडं, म्हणजे प्रोग्राममधून खोटा कीबोर्ड उभा करायच्या लिनक्सच्या सोयीकडं, वळले. सोयाबीन झालं, तूर झाली, आता हरभरा चालू आहे आणि अजून तेच वापरतेय. एवढ्या दिवसांत जे लक्षात आलं ते लिहिते, कारण या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक गेम खेळणाऱ्यांसाठी असतं.

आधी हे आहे काय ते थोडक्यात. खरा कीबोर्ड जोडला की लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्याचं एक इनपुट उपकरण तयार करतो आणि डेस्कटॉप त्या उपकरणाकडून कळा वाचतो. यूइनपुटमुळं एखाद्या साध्या प्रोग्रामला कर्नलला सांगता येतं, की मी कीबोर्ड आहे, माझं नाव हे, माझ्याकडं या या कळा आहेत. कर्नल तसं उपकरण उभं करतो. मुद्दाम शोधायला गेलं तर यादीत ते 'व्हर्च्युअल'खाली सापडतं, पण ब्राउझरला काही फरक कळत नाही. ड्रायव्हर लिहायला लागत नाही, कर्नलला हात लावायला लागत नाही. नवखं प्रकरणही नाही. अरिस्टेउ रोझान्स्की यांनी त्याची पहिली आवृत्ती जून २००२ मध्ये आणली. ब्लूटूथ हेडफोनवरचं गाणं थांबवायचं बटण लिनक्सवर चालतं तेही ब्लूझेड, म्हणजे लिनक्सचं ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर, यूइनपुटमार्फतच पोचवतं.

आमची मांडणी अशी: एक छोटा पायथन प्रोग्राम सिरियल पोर्टवरून वजन वाचतो, आकडा स्थिर झाला की नाही ते बघतो आणि सांगितल्यावर तो आकडा कळा दाबल्यासारखा पाठवतो. पायथनमध्ये एव्हडेव्ह नावाची लायब्ररी आहे, तिच्यामुळं हे काम काही ओळींत होतं. उपकरण बनवताना कळांची यादी आधीच द्यायची असते. यादीत नसलेली कळ पाठवली तर कुठलीही तक्रार न करता ती गाळली जाते. लायब्ररीला यादी दिलीच नाही तर ती कीबोर्डच्या आणि माऊस-जॉयस्टिकच्या सगळ्या कळा जाहीर करते. ते मला पटलं नाही. आमच्या उपकरणाला दहा आकडे, टिंब आणि टॅब एवढंच दिलंय. वजनाच्या कीबोर्डाला ऑल्ट कशाला हवं? एंटरसुद्धा दिलेलं नाही, कारण एंटरनं पट्टी सेव्ह होते आणि ते काम मुनीमांचं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक दाबणं आणि प्रत्येक सोडणं स्वतंत्र पाठवायचं आणि मागं 'सिंक', म्हणजे 'एवढं झालं' अशी खूण, लावायची. सिंक पाठवेपर्यंत आधीचं काही वर पोचत नाही. दोन कळांमध्ये मी काही मिलिसेकंद थांबते. कर्नलला त्याची गरज नाही, पण आमचं पट्टीचं पान जडशीळ आहे, त्याला श्वास घ्यायला वेळ लागतो.

उपकरण तयार झाल्या झाल्या लगेच टाइप करायला गेलं तर पहिले आकडे हरवतात, कारण डेस्कटॉपला नवा कीबोर्ड दिसायला थोडा वेळ लागतो. कर्नलच्या दस्तऐवजातल्या नमुन्यातही म्हणूनच एक सेकंद थांबायची ओळ आहे. प्रत्येक वजनाला नवं उपकरण बनवणं हा त्यामुळं चुकीचा रस्ता. सकाळी दुकान उघडताना एकदा बनवायचं आणि रात्रीपर्यंत तसंच ठेवायचं. प्रोग्राम बंद पडला की कर्नल उपकरण काढून टाकतो आणि दाबलेली कळ सोडवतो, त्यामुळं अडकलेल्या कळेची भीती नाही. फक्त प्रोग्राम मरायला हवा, गोठायला नको. कळ दाबून सोडण्याआधी तो गोठला तर डेस्कटॉपच्या लेखी कुणीतरी सात दाबून धरलाय, आणि पट्टीत सातांची रांग लागते.

इथपर्यंतचं सगळं एका रविवारचं काम आहे. खरा घोळ पुढं आहे, आणि हे वापरायचं की नाही ते त्यावरच ठरवावं. यूइनपुट आंधळं आहे. त्याला खिडकी माहीत नाही, रकाना माहीत नाही, समोर कोण बसलंय तेही माहीत नाही. कर्सर जिथं असेल तिथं वजन पडणार. भावाच्या रकान्यात कर्सर असला तर शेतकऱ्याला क्विंटलमागं ६१ रुपये ४५ पैसे भाव लागणार. मुनीम चहाला गेले आणि स्क्रीनला कुलूप लागलं तर वजन पासवर्डच्या चौकटीत जाणार, कारण कुलपाच्या पडद्यालाही हा कीबोर्डच वाटतो. आकडा स्थिर झाला की आपोआप टाइप करायचं, ही ऐकायला सगळ्यात गोड वाटणारी कल्पना मी म्हणूनच पहिल्याच आठवड्यात बाद केली.

त्याऐवजी आता मुनीमांच्या डाव्या हाताला आकड्यांचा एक छोटा यूएसबी पॅड ठेवलाय, स्वस्तातला. माझा प्रोग्राम तो पॅड 'ग्रॅब' करतो, म्हणजे त्याच्या कळा डेस्कटॉपकडं जातच नाहीत, फक्त प्रोग्रामला मिळतात. मुनीम कर्सर वजनाच्या रकान्यात आहे का ते बघतात आणि पॅडवरचं मोठं एंटर दाबतात, मग वजन उमटतं. काटा स्थिर नसेल तर काहीच उमटत नाही. म्हणजे एका बाजूनं खरं उपकरण गिळायचं आणि दुसऱ्या बाजूनं खोटं बाहेर काढायचं. कीडी किंवा इनपुट-रीमॅपरसारखी कळा बदलणारी साधनं चालतात तीही याच पद्धतीनं.

मुख्य कीबोर्डवरचीच एखादी एफ-कळ का नाही वापरली, असं मला दुकानातल्याच एकानं विचारलं. तशी वापरायची तर प्रोग्रामला मुख्य कीबोर्डवरची प्रत्येक कळ वाचायला लागली असती, मुनीमांच्या बँकेच्या पासवर्डसकट. असला प्रोग्राम माझाच असला तरी तो मला दुकानात नको.

परवानग्यांचंही तसंच. डेव्ह फोल्डरातली यूइनपुट ही फाईल मुळात फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याला, उघडता येते. जो तो 'एक ओळीचा यूडेव्ह नियम (कुठलं उपकरण कुणाला उघडावं ते ठरवणारा) टाका, स्वतःला इनपुट गटात घाला, झालं' असं सांगतो. होतं खरं, पण मग त्या खात्यातला कुठलाही प्रोग्राम टर्मिनलमध्ये हवं ते टाइप करू शकतो आणि इतर कीबोर्डही वाचू शकतो. मी 'काटा' नावाचं वेगळं खातं केलं, यूइनपुटसाठी वेगळा गट केला आणि प्रोग्राम सिस्टमडीची सेवा म्हणून, म्हणजे मागच्या मागं आपोआप चालणारा, त्या खात्यात चालवते. पॅडसाठीही यूडेव्हमध्ये तेवढ्याच पॅडपुरता नियम आहे. मुनीमांच्या खात्याला यातलं काहीच उघडत नाही. अर्धा तास जास्त गेला, पण दुकानात पैशाचा व्यवहार चालतो, एवढी काळजी घ्यायलाच पाहिजे.

आता मराठीचं. हा भाग मला कुठंच लिहिलेला सापडला नाही. यूइनपुट अक्षर पाठवत नाही, कळ पाठवतं. त्या कळेचं अक्षर काय करायचं ते डेस्कटॉपमधली कीबोर्डची मांडणी (लेआउट) ठरवते. मुनीम शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकतात. मांडणी मराठीवरच राहिली आणि काट्यानं वजन पाठवलं, की आमच्या मशीनवर देवनागरी आकडे उमटायचे आणि सॉफ्टवेअर रकाना लाल करून बसायचं. कीपॅडच्या कळा पाठवून बघितल्या तर नमलॉक आडवा आला. तो बंद असला की आकड्यांऐवजी कर्सर पानभर उड्या मारतो. शेवटी एक्स-११ मध्ये (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) त्या एकाच उपकरणाला वेगळी मांडणी देता येते, तशी खोट्या कीबोर्डला कायमची इंग्रजी देऊन टाकली. उपकरण नव्यानं तयार झालं की ती पुन्हा द्यावी लागते, म्हणून मुनीमांच्या लॉगिनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट त्यावर नजर ठेवून असते. आयबसमधून (टाइप केलेल्याचं दुसऱ्या लिपीत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) मराठी टाइप करत असाल तर मात्र हा उपाय धरून चालू नका. तिथं रूपांतर मांडणीच्याही पुढं होतं. मुनीम इनस्क्रिप्टवाले आहेत, म्हणजे थेट मराठी मांडणीवर टाइप करतात, म्हणून माझं निभावलं.

वेलँडवर (एक्स-११ च्या जागी आलेली नवी व्यवस्था) हाच प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर एक ओळ न बदलता चालला आणि यूइनपुटचा हा मोठा गुण आहे. कळा पाठवणारं एक्सडूटूल हे साधन एक्स-११ च्या सोयीवर उभं असल्यामुळं वेलँडच्या खिडक्यांपर्यंत पोचत नाही. यूइनपुट त्या सगळ्याच्या खाली, कर्नलमध्ये असल्यामुळं एक्स असो, वेलँड असो, नाहीतर नुसता काळा कन्सोल असो, सगळीकडं पोचतं. प्रोग्राम लिहायचा कंटाळा असेल तर वायडूटूल बघा, तेही यूइनपुटच वापरतं. डेस्कटॉपला विचारून, परवानगी घेऊन कळा पाठवायची लिबईआय नावाची नवी पद्धतही आली आहे. माणसाच्या रोजच्या लॅपटॉपसाठी ती जास्त सभ्य आहे, पण दुकानाच्या मशीनवर सकाळी कुणी 'परवानगी द्या' दाबत बसणार नाही.

विंडोजवाल्यांसाठी एवढंच, की तिथं सेंडइनपुटनं कळा पाठवता येतात, पण खरोखरचं खोटं उपकरण उभं करायचं तर ड्रायव्हर लागतो. त्यापेक्षा अर्डुइनो लिओनार्डोसारखा बोर्ड घ्यावा. तो यूएसबीवर स्वतःच कीबोर्ड म्हणून ओळख देतो. मीही त्याचा विचार केला होता. पण आमच्याकडं हंगामात सोयाबीनचा भुसा की-बोर्डाच्या कळांखाली शिरतो. त्यात अजून एक उघडा बोर्ड ठेवायची माझी तयारी नव्हती.

रोजच्या वापरात त्रास देतं ते यूइनपुट नाही, काट्याचं पोर्ट यूएसबीला जोडणारी सिरियल केबल. लाईट गेली, आली, कुणाचा पाय लागला, की पोर्टचा नंबर बदलतो. नंबर धरून न बसता डेव्हमधल्या सिरियलच्या बाय-आयडी वाटेनं, म्हणजे केबलच्या स्वतःच्या ओळखीवरून, पोर्ट उघडायचं, म्हणजे केबल निघाली-लागली तरी तेच सापडतं. पॅडचंही तसंच. काही बिनसलंच तर मी आधी इव्हटेस्ट लावून बघते, ते उपकरणाकडून येणाऱ्या कळा जशाच्या तशा दाखवतं. तिथं आकडे दिसत असतील तर दोष वरच्या थरात, नसतील तर प्रोग्राममध्ये, केबलमध्ये किंवा काट्यात.

माणसांचं म्हणाल तर हमालांना पहिल्या दिवशी गंमत वाटली. "ताई, हे तर आपोआप लिहायलंय की!" मापाडी जरा नाराज होते. त्यांना वाटलं आता पुकारा बंद करायला सांगणार. उलट मी तो चालूच ठेवायला सांगितला, कारण शेतकरी मापाड्याचा आवाज ऐकतो आणि काट्याचा डिस्प्ले बघतो. स्क्रीनवर त्याचा विश्वास असायचं काही कारण नाही. एका आजोबांनी विचारलंच, "वजन काट्यानं लावलं का कंप्युटरनं?" वैधमापनचा शिक्का काट्यावर असतो, माझ्या प्रोग्रामवर नाही. म्हणून प्रोग्राम वजनाला हातच लावत नाही. ना बेरीज, ना पूर्णांक, ना बारदान्याची वजावट. काट्यावर जे दिसतं तेच अक्षरशः जातं, आणि बारदाना सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांसमोर वजा होतो. ६१.४५ चे ६४.१५ होणं, टिंब राहून जाणं, हे प्रकार मात्र थांबले. संध्याकाळी हिशेब जुळवताना कट्ट्यांची यादी पुन्हा वाचून घ्यावी लागत नाही, याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. वेग काही फार वाढलेला नाही. काट्यावर कट्टा चढवायला आणि उतरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.

आता मामांना दुसरा काटा याच मशीनला जोडायचाय. दोन वेगळ्या नावांची दोन उपकरणं बनवणं सोपं आहे, पण डेस्कटॉप सगळे कीबोर्ड एकाच धारेत मिसळतो. दोन्ही काट्यांनी एकाच वेळी ५२ आणि ४८ पाठवले तर रकान्यात ५४२८ पडू शकतं. त्यामुळं दोन्ही पोर्ट एकाच प्रोग्रामनं वाचायची, उपकरण एकच ठेवायचं आणि पॅडवर एक दाबलं तर पहिला काटा, दोन दाबलं तर दुसरा, असं लिहायला घेतलंय. पॅड ग्रॅब केलेला असल्यामुळं ते आकडे पट्टीत जात नाहीत, हे बरं झालं. दोन काट्यांचे कट्टे एकाच शेतकऱ्याच्या नावावर चढले तर काय करायचं, ते मात्र यूइनपुटला विचारून उपयोग नाही. त्याला मुनीमांनाच दोन टॅब उघडून बसावं लागेल.