पुस्तकांचं शेल्फ: प्लाय की लाकडाच्या फळ्या?

पुस्तकांच्या शेल्फचा प्लॅन मिळाला, हौसही आहे, पण गाडी अडलीय ती साहित्यापाशी, असं एका मित्राचं झालंय.

मेहनत बघितली तर प्लाय सोपं. ८ बाय ४ फुटांचा ताव दुकानातच कापून घेतला की निम्मं काम संपलं. लाकडाला रंधा मारा, फळ्या जोडा, घासा. मात्र प्लायच्या उघड्या कडांना पट्टी लावावीच लागते, आणि ते काम भलतंच किचकट.

खर्चात प्लाय बहुधा स्वस्त पडतं. रुंद फळी एका तुकड्यात मिळते हा वरचा फायदा.

खरी गोम वाकण्यात आहे. प्लायच्या साधारण निम्म्या थरांचे तंतू फळीच्या लांबीला आडवे जातात, त्यामुळे तेवढ्याच जाडीची चांगली लाकडी फळी कमी झुकते. प्लॅनमधली ६० सेंटीमीटर लांबीची फळी ‘भिंत मोठी आहे’ म्हणून ९० ची केलीत, तर झोल जवळपास पाचपट! मध्ये एक उभा आधार द्या, नाहीतर जाडी वाढवा.

लाकूड हवेप्रमाणे रुंदीत फुगतं-आकसतं, प्लाय जागचं फारसं हलत नाही. पण १८ मिलिमीटरचं प्लाय मोजलं तर अनेकदा थोडं कमीच भरतं. मी न मोजता खाचा पाडल्या, फळ्या खुळखुळ्यासारख्या वाजत होत्या.

पहिलंच काम, रुंद शेल्फ, रंग देणार असाल तर प्लाय घ्या. हातात रंधा बसलाय, पुढे घासून पुन्हा पॉलिश करायचंय, तर लाकूड. मित्राकडे रंधाच नाही.