जेबीएल ०७५ की २४०५?
जेबीएल या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या ०७५ आणि २४०५ या दोन्ही जुन्या ट्वीटरांत (फक्त उंच पट्टीचे आवाज काढणाऱ्या स्पीकरांत) पावणेदोन इंची व्हॉइस कॉइल (डायफ्राम हलवणारे तारेचे वेटोळे) आणि अ‍ॅल्युमिनियमचा कड्यासारखा डायफ्राम (आवाज निर्माण करणारा पातळ पडदा) असला, तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. बंदुकीच्या गोळीसारखे टोक असलेला ०७५ हा २,५०० हर्ट्झपासून वरच्या आवाजांसाठी जोडता येतो. झांजेचा आघात तो अंगावर काटा येईल इतका जवळ आणतो, मात्र १५,००० हर्ट्झच्या आसपास त्याचा प्रतिसाद उतरू लागतो. अरुंद फटीचा २४०५ साधारण ७,००० हर्ट्झच्या वरच वापरायचा असतो, पण तो २०,००० पर्यंत पोहोचतो आणि आवाज आडवा अधिक पसरवतो. तानपुऱ्याच्या तारांभोवतीची झळाळी मला त्यावरच पूर्ण ऐकू आली. या दोन्हींच्या खालचा, मधल्या आवाजांचा पट्टा सांभाळणारा वेगळा हॉर्न (कर्ण्यासारखा स्पीकर) नसेल, तर मात्र मी ०७५च घेईन.