खाता येणारं वेष्टन: किरणं द्यावीत की मेण घालावं?

भूमच्या पेढ्याला प्लॅस्टिकऐवजी खाता येणारी फिल्म गुंडाळायची असेल, तर आधी फिल्म कशाची करणार ते ठरवा. आपल्याकडे हाताशी दोन माल आहेत: ज्वारीचा स्टार्च आणि लातूरकडच्या सोयाबीनचं प्रथिन. फिल्म मजबूत करायला गॅमा किरणं (एक्स-रेसारखी, पण जास्त भेदक) देता येतात किंवा मेणासारखे पदार्थ घालता येतात. किरणं मात्र या दोन मालांशी अगदी उलट वागतात.

स्टार्चची लांब साखळी किरणांनी तुटते. खळ पातळ होऊन ट्रेमध्ये छान पसरते, म्हणून सुरुवातीला बरं वाटतं. डोस चढला की वाळलेली फिल्म पिवळसर पडते आणि घडी घालताच मोडते. फळांतलं पेक्टिन, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट यांचंही तेच. सोया प्रथिनाच्या द्रावणात मात्र किरणांमुळे पाण्यातून निघालेले रॅडिकल (चटकन अभिक्रिया करणारे कण) टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जागी साखळ्या एकमेकींना जोडतात, फिल्मला ताण सोसतो. वाळलेल्या फिल्मवर तेच किरण सोडले तर पाणीच नसल्याने ही जोडणी फारशी होत नाही.

आता खर्चाचं. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ०.४ किलोग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) पुरतो. प्रथिनाच्या जोडणीला साधारण १० ते ४० लागतो. गॅमा किरणं देणाऱ्या कोबाल्ट-६० चं एक केंद्र लासलगावला, म्हणजे संभाजीनगरहूनही शंभरावर किलोमीटर. द्रावणाचे कॅन तिथवर नेईपर्यंत ते आंबणार नाही याची हमी कोण देणार?

त्यामानाने भर घालायचे पदार्थ घरच्या गॅसवर जमतात. सोयासाठी १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम प्रथिन (आयसोलेट, म्हणजे शुद्ध केलेली पूड), २.५ ग्रॅम ग्लिसरॉल (फिल्म लवचीक ठेवणारा घट्ट द्रव), पीएच ९ ते १०. ८५ अंशांवर २० ते ३० मिनिटं, मग मलमलीतून गाळून २५ × २५ सेंमी ट्रेमध्ये ओता. ज्वारीसाठी ५ ग्रॅम स्टार्च, १.५ ग्रॅम ग्लिसरॉल, ९० अंश. सोयात लिंबूसत्व घालू नका, पीएच ४.५ च्या आसपास आला की नासलेल्या दुधासारखे गोळे होतात.

ग्लिसरॉलचा हात सांभाळा. कमी पडलं तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिल्म ट्रेमधून काढतानाच तडकते. जास्त झालं तर श्रावणात ती बोटाला चिकटते, वर ओलही आरपार जाऊ देते. ही ओल किरणांनी थोडीफारच अडते. खरी अडते ती मधमाशीच्या मेणाने: घन भागाच्या (पाणी सोडून बाकीच्या मालाच्या) १० टक्के, द्रावण ७० अंशांच्या वर असतानाच जोरात घुसळायचं. मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळतं. द्रावण त्याखाली गेलं की पांढरे कण वर तरंगतात आणि तिथेच फिल्म फाटते. मेणाने फिल्म धुरकट होते, ताकदही थोडी घटते, पण पेढा कोरडा पडण्यापेक्षा हे परवडलं. लवंगतेल बुरशी रोखतं खरं, पण थेंब जास्त पडला तर पेढा आहे की दाढदुखीचं औषध, हे गिऱ्हाईक विचारणारच.

ज्वारीची फिल्म असेल तर किरणांवर पैसे घालू नका. सोयाची असेल आणि मेण-ग्लिसरॉल बसवूनही ती गुंडाळताना फाटत असेल, तरच द्रावणाचा एक नमुना केंद्रावर पाठवून बघा. सोया अ‍ॅलर्जीकारक असल्याने लेबलवर त्याचा उल्लेख करावाच लागेल, आणि धुळीसाठी बाहेरचा डबा कुठल्याही फिल्मला लागतोच.