रबरी फ्रॉग ८ महिने वापरून: पाणी शिरतंय ते नेमकं कुठून

काल संध्याकाळी तिसरा फ्रॉग (मासे धरायचं बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष) बुडाला म्हणून लिहायला बसलोय. कमळाच्या पानांवरून मस्त सरकत येत होता, मोकळ्या पाण्यात उतरला आणि दगडासारखा खाली गेला, आणि तेवढ्यात मरळ उसळली ती रिकाम्या पाण्यावर. चांगली दोन किलोची असेल. ४२० रुपयांच्या वस्तूनं ऐन वेळी असं करावं याचा रात्रभर राग होता.

तळं आमच्या काकांचं, अलिबागच्या खारेपाटात. पावसाच्या पाण्यावर भरणारं, त्यात जिताडा वाढवतात. मरळ आपोआप शिरते आणि जिताड्याची बोटुकली खाऊन टाकते, म्हणून काकाच म्हणाले, "अरे बाबा, तू गरवतोस ना, मग ती मरळ काढ आधी." आधी साध्या गरीनंच बसायचो, पण निम्मं तळं शेवाळ आणि कमळानं भरलेलं, दर वेळी गरीला शेवाळाची जुडी यायची. फ्रॉगचे दोन्ही गळ वर तोंड करून पाठीला चिकटलेले असतात त्यामुळे तो पानांवरून अलगद येतो, आणि माशानं दाबला की अंग चेपून गळ उघडे पडतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहेच.

बाकीचं पटकन सांगतो. रॉड ७ फुटी, जरा कडक. नायलॉनची दोरी सोडून ५० पाउंडी ब्रेड (विणलेली दोरी) घेतली ते फार बरं झालं, ती ताणत नाही आणि कमळाचे देठ कापत मासा बाहेर येतो. फटका बसला की लगेच ओढायचं नाही, एक दोन म्हणायचं मग ओढायचं. हे कळेपर्यंत माझे चार मासे गेले.

आता पाण्याचं. नवा फ्रॉग दहा-पंधरा कास्ट (म्हणजे फेकी) नीट तरंगतो, मग जड व्हायला लागतो. गळाच्या दांड्या अंगातून बाहेर येतात त्या फटीतून पाणी शिरतं. पहिल्याच महिन्यात दुकानदाराला फोन केला, एकदा नाही तीनदा, बादलीत फ्रॉग दाबून बुडबुडे येतायत असा व्हिडिओपण पाठवला. उत्तर काय, तर वापरलेला माल परत घेत नाही आणि सगळ्याच फ्रॉगचं असंच असतं. एवढे पैसे घेऊन असं बोलतात म्हटल्यावर मी सरळ एक स्टार दिला आणि विषय संपवला.

पण जानेवारीत मित्राचा दुप्पट किमतीचा फ्रॉग हातात आला, त्यालाही तसाच बादलीत दाबला. बुडबुडे तिथूनही आले! म्हणजे आतून पोकळ आहे आणि गळ बाहेर येतोय तर फट राहणारच, दर पाच-सहा कास्टनंतर फ्रॉग चिमटून पाणी काढायचं असतं. दुकानदार तेवढ्यापुरता बरोबर होता, एकाचे तीन स्टार केले. तरी पाकिटावर एक ओळ छापायला काय जातं, नवीन माणसाला कसं कळणार.

मग काल बुडाला तो का? ब्रेड बांधलेलीच होती म्हणून ओढून काढला, घरी आणून उन्हात नीट बघितला तर पोटावर बारीक बारीक चिरा. दातांच्या. आणि मला वाटतं खरी गोम इथंच आहे. हा फ्रॉग मुळात अमेरिकेतल्या बास माशासाठी निघालेला. बासचे दात सँडपेपरसारखे खरखरीत, लोक त्याचा खालचा जबडा अंगठ्यानं धरून फोटो काढतात. मरळीच्या तोंडात अंगठा घालून बघा, रक्त निघेल. ती दाबून धरते आणि डोकं झटकते, त्या मऊ रबराचं काय होणार. एका फ्रॉगवर चार-पाच मरळी झाल्या की पोट गेलंच समजा.

उपाय म्हणून झटपट चिकटणारा गम लावला होता तो कडक होऊन तडकला. चप्पल चिकटवायचा लवचिक गम मात्र टिकतो, फ्रॉग रात्रभर सुकवून, आतलं सगळं पाणी काढून, चिरांवर पातळ थर द्यायचा आणि पुढचा अख्खा दिवस हात लावायचा नाही. जाड थर दिला की अंग चेपत नाही आणि गळ लागत नाही. असा दुरुस्त केलेला एक फ्रॉग अजून तीन मासे चालला. म्हणून आता फेकत नाही.

हिशेब सांगतो, ५ फ्रॉग, २१०० रुपये, १९ मरळी, आणि काकांची बोटुकली यंदा बरीच वाचली. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा पानांमध्ये बुडुक असा आवाज होतो, त्याच्या थोडं पुढं टाकून हळू आणला तर काळा फ्रॉग सगळ्यात जास्त चालतो. हिरवा घेऊ नका, माझा तरी पडूनच आहे.

अजून दोन काळे मागवणार आहे, त्याच दुकानातून. पावसात पाण्यावर लाल पिल्लांचा घोळका दिसायला लागला की आईबाप राखणीला असतात आणि काहीही टाकलं तरी अंगावर येतात, तेव्हा मी टाकत नाही, जिताड्याचं नुकसान झालं तरी. काकांना हे अजून सांगायचंय.