जुनी पालिओ, ऑटोक्रॉस आणि चार शॉकअप: कुठले घ्यावेत?

मुलुंडहून भाच्याचा फोन आला. "मामा, शॉकअप बदलायचेत. बिलस्टीन घेऊ, कोनी घेऊ, की सरळ कॉइलओव्हर टाकू?"

मी विचारलं, "आत्ता कुठले आहेत?"

"माहीत नाही. गाडी घेतली तेव्हापासून तेच आहेत."

गाडी म्हणजे २००२ची फियाट पालिओ १.६. १५९६ सीसी, १०० अश्वशक्ती, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, जाहिरातीत सचिन. हिला स्पोर्ट्स कार म्हणावं का यावर वाद घालणारे घालोत. त्या काळात आपल्या खिशाला परवडणारी आणि स्टिअरिंग धरल्यावर हसू आणणारी हॅचबॅक हीच होती. भाच्याला ती ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मैदानावर शंकू मांडून घड्याळाविरुद्ध एकेक गाडी पळवतात त्या खेळात, पळवायची आहे आणि सोमवारी तिनेच ऑफिसलाही जायचंय. खरा पेच इथे आहे. शंकूंच्या मधून पळायला लागणारी गाडी वेगळी आणि एलबीएस मार्गावर पावसाळ्यात चालणारी वेगळी, पण शॉकअपचा संच एकच.

त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो. झेन, एस्टीम, आयकॉन, जुनी होंडा सिटी यांपैकी काही दारात असेल तरी हिशोब फारसा बदलत नाही.

आधी एक गैरसमज. शॉकअप गाडी उचलून धरत नाही, ते काम स्प्रिंगचं. वळणात गाडी किती कलणार हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं कमी करणारी दांडी) ठरवतात. किती झटकन कलणार, हे शॉकअप ठरवतो. लांबलचक एकाच वळणात गाडी एकदा कलून स्थिरावली की शॉकअपला काही काम उरत नाही. पण ऑटोक्रॉसमध्ये गाडी स्थिरावतेच कधी? दर १८ मीटरवर शंकू आणि वेग ताशी ५० धरा: सव्वा सेकंदाला थोडं वर, एवढ्या वेळात गाडीने एकदा कूस बदलायची. गाडी अख्खा मिनिटभर या कुशीवरून त्या कुशीवर होत असते. म्हणून या खेळात शॉकअपवर घातलेला पैसा एंजिनवर घातलेल्या पैशापेक्षा लवकर वसूल होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे 'स्पीड'. शॉकअपच्या भाषेत लो-स्पीड, हाय-स्पीड म्हणजे गाडीचा वेग नव्हे, दांडा आत-बाहेर किती वेगाने होतो तो. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी कलते तो लो-स्पीड. चाक खड्ड्यात आदळतं तो हाय-स्पीड. ऑटोक्रॉसला पहिला घट्ट हवा, मुंबईला दुसरा सैल हवा. कुठलाही शॉकअप या दोन मागण्यांपैकी कुठली किती पुरी करतो, एवढंच बघायचं.

आता एकेक पर्याय.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे मूळ प्रकारचा नवा संच. गॅब्रिएल, मोनरो, ज्याचा तुमच्या गाडीला मिळेल तो. (गॅब्रिएलचा भारतातला पहिला कारखाना मुलुंडलाच, १९६१चा. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग तर संच फुकट मिळायला हवा.") हे दुहेरी नळीचे असतात. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल, वर थोडा कमी दाबाचा वायू. कंपनीने यांचं दमन, म्हणजे डोलणं थांबवणारा विरोध, आरामासाठी ठेवलेलं असतं. गाडी पूर्णपणे डोलायची थांबायला जेवढं दमन लागेल त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. खेळासाठी अर्ध्याच्या वर हवं. म्हणजे मूळचे शॉकअप ऑटोक्रॉसला कमीच पडतात, हे खरं.

पण तुलना कशाशी करताय ते बघा. वीस वर्षं जुन्या गाडीतल्या शॉकअपमध्ये दमन उरलेलं असतंच असं नाही. बॉनेट दाबून सोडण्याची आपली परीक्षा फक्त मेलेला शॉकअप पकडते, आजारी नाही. आजारी पकडायचा तर तो काढून हातात घ्या, उभा धरा आणि दांडा दाबून बाहेर ओढा. दिशा बदलताना मध्येच हात पोकळ गेल्यासारखा वाटला, बोटभर अंतर काही विरोधच लागला नाही, तर तो संपला. दांडा नळीत शिरतो तिथल्या सीलपाशी तेलाचा पुसट ओलावा चालतो. धुळीचा काळा चिकट थर नळीवर खाली उतरलेला असेल तर नाही. भाच्याच्या पुढच्या डाव्या शॉकअपचा दांडा दाबल्यावर वर आलाच नाही. अशा गाडीला नवे मूळचे शॉकअप घातले तरी वेगळीच गाडी चालवल्यासारखं वाटतं, आणि चार नग दहा-बारा हजारांत होतात.

दुसरा पर्याय बिलस्टीनसारखा एकेरी नळीचा, जास्त दाबाचा. एकच नळी, तिच्यात तेल, खाली सरकता पिस्टन आणि त्यामागे नायट्रोजन, साधारण २५ बार दाबाने. मर्सिडीजच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांना बिलस्टीनने १९५७मध्ये हे बसवायला सुरुवात केली. तेलावर सतत दाब असल्यामुळे त्यात फेस होत नाही आणि नळीला थेट हवा लागत असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. बी-६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, बी-८ बसक्या स्प्रिंगसाठी आखूड केलेला. यात फिरवायचं काही नाही, बसवा आणि विसरा.

याचं कौतुक ऐकून लोक हुरळतात, पण ऑटोक्रॉसची एक फेरी मिनिटभराची. मग पुढच्या फेरीपर्यंत गाडी उभी. तेवढ्यात शॉकअप तापून ढिला पडायला वेळच मिळत नाही. उष्णतेचा फायदा खंडाळ्याच्या घाटात किंवा रॅलीच्या खडबडीत स्टेजवर. मला बिलस्टीन आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. त्याचा पिस्टन हळू हालचालीला लगेच विरोध करतो, पण खड्ड्याचा तडाखा आला की व्हॉल्व्ह उघडून वाट देतो. म्हणजे वर म्हटलेल्या दोन्ही मागण्या एकाच नळीत. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर पहिल्यांदा चालवाल तर कडक वाटेल, पण अंग ठेचकाळत नाही.

तोटे दोन. एक, वायूच्या दाबाने दांडा स्वतःहून बाहेर ढकलला जातो, म्हणून गाडी किंचित वर बसते. दुसरा तोटा मातीत पळणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. एकच भिंत असल्यामुळे बाहेरून दगडाचा पोचा आला की पिस्टन तिथेच अडतो. दुहेरी नळीत बाहेरची भिंत मार खाते आणि आतली शाबूत राहते. आपल्याकडे ऑटोक्रॉस कित्येकदा डांबरावर नाही, मुरमाच्या मैदानावर होतो, तेव्हा मागचे उघडे शॉकअप तपासत राहा.

तिसरा पर्याय कोनीचा पिवळा. कोनी ही डच कंपनी, १९३२पासून शॉकअप बनवते. हा शॉकअप दुहेरी नळीचाच, पण रिबाउंड, म्हणजे दांडा बाहेर येतानाचा विरोध, कमीजास्त करता येतो. आत जातानाचा विरोध कंपनीने ठरवलेला आणि सौम्य. खड्ड्यासाठी सौम्य, शंकूंसाठी हवा तेवढा घट्ट. मैदानावर पोहोचल्यावर वरचा खटका फिरवायचा, घरी निघताना परत सैल करायचा.

माझं मत याच्या बाजूने आहे, आणि का ते सांगतो. पालिओ पुढच्या चाकांवर चालते, म्हणून वळणात पुढून सरळ निसटते. मागचा रिबाउंड वाढवला की वळणात शिरताना मागची बाजू सुटायला मदत होते आणि नाक आत वळतं. हे स्प्रिंग न बदलता, पान्याशिवाय, दोन फेऱ्यांच्या मध्ये करता येतं. बिलस्टीनमध्ये ही सोय नाही. सुरुवात पूर्ण सैलपासून करा. अर्धा वेढा वाढवा, पळा, परत अर्धा. गाडी डोलायची थांबेल. त्यापुढे गेलात तर चाकं जमिनीवरून टुणटुण उडायला लागतील, तिथून अर्धा वेढा मागे या. लोभाने फार घट्ट केला तर एकामागोमाग आलेल्या उंचवट्यांवर स्प्रिंगला पुन्हा उलगडायला वेळ मिळत नाही, गाडी दर उंचवट्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे प्रवास संपतो तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आपटते. पुढे रिबाउंड जास्त झाला तर आतलं चाक हलकं होऊन वळणातून बाहेर पडताना जागेवर फिरतं. नव्या माणसाला वाटतं टायर गेले.

पण विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. खटका वरूनच फिरतो का? काही मॉडेलमध्ये शॉकअप गाडीतून काढून, पूर्ण दाबून, मग दांडा फिरवावा लागतो. तसं असेल तर मैदानावर बदलण्याची मजाच गेली. आणि तुमच्या गाडीला पार्ट नंबर आहे का? इथल्या जुन्या गाड्यांना कित्येकदा नसतो. मग पुढच्यासाठी इन्सर्टचा मार्ग उरतो. जुन्या स्ट्रटची (स्प्रिंगसकट चाकाला धरणारा पुढचा शॉकअप) नळी वरून कापायची, तेल आणि आतडी काढून टाकायची, बुडाला भोक पाडायचं आणि कोनीचा आतला भाग घालून खालून बोल्ट मारायचा. लेथवाला हुशार लागतो, पण हे जमतं.

कॉइलओव्हरबद्दल, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या, आटे फिरवून उंची बदलणाऱ्या संचाबद्दल, थोडक्यात. उंची बदलता येते, स्प्रिंग कडक असते, दमनाला क्लिक, म्हणजे टप्पे, असतात. बीसी रेसिंगच्या बीआर प्रकारात ३०. फोटोत सुंदर दिसतं. पण तो एक खटका दोन्ही दिशांचं दमन एकदमच वाढवतो, म्हणजे शंकूंसाठी घट्ट केलं की खड्ड्यासाठीही घट्ट. गाडी बसवली की स्प्रिंगचा प्रवास कमी होतो, आणि मुरमाच्या मैदानावर प्रवासच सगळं असतो. त्यात मुंबईची खारी हवा आणि चार महिने पाऊस. आटे गंजून बसतात, वरचे लोखंडी जॉइंट वर्षभरात खडखडायला लागतात. खर्च लाखाच्या घरात. रोज चालवायला दुसरी गाडी असेल तर खुशाल घ्या.

राहिला देशी जुगाड, म्हणजे शॉकअप उघडून जाड तेल भरून घेणं. तेलाने सगळंच कडक होतं, खड्डाही, आणि तापलं की परत पातळ. आतल्या व्हॉल्व्हच्या चकत्या बदलणारा कारागीर मिळाला तर गोष्ट वेगळी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणारे 'रिकंडिशन' केलेले, चकचकीत काळा रंग मारलेले नग मात्र घेऊ नका. रंग फक्त बाहेरून असतो.

आणि कडक स्प्रिंग टाकणार असाल तर शॉकअप त्यानंतर निवडा. स्प्रिंग दीडपट कडक झाली तर तोच आटोप राखायला दमन साधारण २२ टक्के वाढायला हवं, वर्गमुळाचा हिशोब आहे. मूळच्या शॉकअपवर दीडपट स्प्रिंग म्हणजे गाडी कडकही आणि डोलणारीही. स्पर्धेत स्प्रिंग बदलायची मुभा आहे का, तेही त्या स्पर्धेच्या नियमांत आधी वाचा.

बसवण्याबद्दल माझा एक जुना राग आहे. पश्चिम उपनगरातल्या एका गॅरेजमध्ये नवे स्ट्रट बसवायला दिले होते. वरचा नट घट्ट करताना दांडा फिरू लागला, तसा पोराने तो चकचकीत दांडा पकडीने आवळला. मी पाहिलं तोवर दातांचे चार ओरखडे उठले होते. "काही होत नाही साहेब." महिनाभरात सील फाटलं आणि तेल चाकावर. त्या दांड्याचा गुळगुळीतपणा हेच सीलचं आयुष्य. दांड्याच्या टोकाला धरायला खाच असते, तिथेच अॅलन की लावून धरायचं. दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करायचा, आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. आणि खालच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे घट्ट करायचे. जॅकवर लटकत असताना केले तर बुश कायमचे पिळलेले राहतात. सोबत वरचं माउंटिंग आणि बंप स्टॉप नवेच घ्या, ते वीस वर्षांत भुसा झालेले असतात.

भाच्याने शेवटी मूळचे चार नवे घेतले आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर. माझ्याही मते पहिल्या मोसमाला हेच बरोबर. सैल गाडीवर हात बसला की मग पिवळे. त्याचा कोनीचा शोध सुरूच आहे, अजून पार्ट नंबर सापडलेला नाही. काल त्याचा मेसेज आला, "जुने चारही भंगारवाल्याला देऊ का? किलोवर घेतोय." मी लगेच फोन लावला. मागचे दे म्हटलं, पुढचे दोन माळ्यावर टाक. इन्सर्ट घालायचे झाले तर कापायला नळी लागेल.